ढगाच्या कडेचं खोटं हिरवेपण

उपग्रहाने टिपलेला समुद्रातल्या हरितद्रव्याचा नकाशा नीट न्याहाळला, तर काही वेळा एक विचित्र गोष्ट दिसते. मोकळ्या समुद्रावर ढगांचे विखुरलेले पुंजके आहेत आणि प्रत्येक पुंजक्याभोवती पाणी जरा जास्त हिरवं निघालंय. जणू पाण्यातली सूक्ष्म वनस्पती ढगांच्या कडेकडेनेच वाढते. दुसऱ्या दिवशी ढग सरकतात, आणि त्यांच्याबरोबर ती हिरवी कडही सरकते. प्लवक, म्हणजे ही सूक्ष्म वनस्पती, काही रातोरात ढगाचा माग काढत जात नाही. ही कड पाण्यातली नव्हेच. ती उपग्रहावरच्या उपकरणात तयार झालेली असते.

या चुकीचं मूळ म्हणजे भरकटलेला प्रकाश, म्हणजेच 'स्ट्रे लाइट'. चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा उमटलेला असताना रात्री समोरून गाडी आली, तर दिव्याभोवती धुरकट वलय दिसतं. त्या वलयात रस्त्याकडेचा अंधारा भागही उजळलेला वाटतो. तिथे प्रकाश नसतोच. दिव्याचाच थोडा प्रकाश काचेवर विखुरून डोळ्यात चुकीच्या जागी पडलेला असतो. उपग्रहाच्या दुर्बिणीचंही तेच होतं. ढगाकडून आलेल्या किरणांपैकी जवळजवळ सगळे आपापल्या पिक्सेलमध्ये पोचतात, पण काही मोजके वाट चुकून शेजारच्या समुद्राच्या पिक्सेलमध्ये उतरतात. उपकरणाला बिचाऱ्याला काय कळणार कोण कुठून आलं? ते फक्त बेरीज करतं.

प्रत्येक कॅमेऱ्यात हे थोडंफार होतंच. मग समुद्राच्या रंगाच्या बाबतीतच त्याचा एवढा बाऊ का? कारण समुद्र अतिशय काळा आहे. अवकाशातून समुद्राकडे पाहिलं तर सेन्सरपर्यंत येणाऱ्या प्रकाशातला फार मोठा भाग वातावरणाचा असतो: हवेच्या रेणूंनी आणि तरंगत्या धूलिकणांनी विखुरलेला. पाण्याच्या आतून बाहेर आलेला, म्हणजे आपल्याला हवा असलेला प्रकाश निळ्या रंगात एकूण प्रकाशाच्या साधारण दहा टक्के असतो. लाल रंगात तर तो त्याहून कितीतरी कमी. बाकीचं सगळं वजा करून हा उरलेला तुकडा मोजायचा असतो.

सोयीसाठी काही आकडे धरू. निळ्या रंगात ढगाची चमक १०० एकक, ढगाशेजारच्या समुद्राची एकूण चमक २०, आणि त्यातला पाण्याचा स्वतःचा वाटा २. आता मोठ्या ढगाच्या कडेपासून थोड्या अंतरावर ढगाच्या प्रकाशाचा फक्त अर्धा टक्का गळून येतो असं समजा. म्हणजे अर्धं एकक. एकूण २० मध्ये ते अडीच टक्के झाले, कुणाच्या लक्षातही येणार नाहीत इतके. पण वातावरणाचे १८ वजा केल्यावर उरतात २ ऐवजी २.५. पाण्याच्या संकेतात थेट २५ टक्क्यांची चूक! या क्षेत्रात उद्दिष्ट असतं ते स्वच्छ पाण्यातला निळा प्रकाश पाच टक्क्यांच्या आत अचूक मोजण्याचं. त्यासाठी सेन्सरवरचा एकूण प्रकाश अर्ध्या टक्क्याच्या आसपास अचूक मोजावा लागतो. जमिनीचे, जंगलांचे, शहरांचे फोटो काढणाऱ्या उपग्रहाला जी गळती सहज चालून जाते, तिने समुद्राचं गणित पार बिघडतं.

गोष्ट इथे संपत नाही. निळ्या रंगातली गळती निदान सरळ आहे. खरी गुंतागुंत होते ती निकट-अवरक्त पट्ट्यांत, म्हणजे ७६५ आणि ८६५ नॅनोमीटरच्या आसपास. या तरंगलांबींचा प्रकाश पाणी जवळजवळ सगळा शोषून घेतं, म्हणून खोल स्वच्छ समुद्र तिथे काळाकुट्ट दिसतो. शास्त्रज्ञांनी या काळेपणाचा छान उपयोग करून घेतला आहे. पाण्यातून काहीच येत नसेल, तर हवेच्या रेणूंचा हिशेब वजा केल्यावर या पट्ट्यांत जो प्रकाश उरतो तो हवेतल्या धूलिकणांचा असणार. त्यावरून धूलिकण किती आणि कसे हे ठरवायचं, निळ्या-हिरव्या रंगात ते किती प्रकाश विखुरतील याचा अंदाज बांधायचा आणि तेवढा वजा करायचा. जगभरातल्या समुद्र-रंगाच्या प्रक्रियेचा कणा म्हणजे ही पद्धत.

आता ढग निकट-अवरक्तातही तितकाच पांढरा असतो. निळ्या रंगात ढग समुद्रापेक्षा पाच-सहा पट उजळ असेल, तर ८६५ नॅनोमीटरला तो वीस पटींहून अधिक उजळ असतो. गळतीचं प्रमाण तेच राहिलं तरी तिची झळ इथे कित्येक पटींनी जास्त बसते. सॉफ्टवेअर त्या जास्तीच्या प्रकाशाला धूलिकण समजतं आणि निळ्या रंगातून हवं त्यापेक्षा जास्त वजा करतं. निळं कमी पडलं की निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर बदलतं, आणि हरितद्रव्याचं सूत्र त्या गुणोत्तरावरच चालतं. निळं कमी म्हणजे हरितद्रव्य जास्त, असा त्याचा अर्थ लावला जातो. ढगाभोवतीची हिरवी कड येते ती इथून. कधी निळ्यातली गळतीच वरचढ ठरते आणि चूक उलट दिशेलाही जाते. कुठलं पारडं जड होईल हे त्या सेन्सरच्या प्रत्येक पट्ट्यातल्या गळतीवर अवलंबून असतं. किनाऱ्यालगत झाडी असेल तर हीच कथा जमिनीच्या बाबतीत घडते, कारण हिरवी पानं निकट-अवरक्तात चांगलीच झळकतात.

प्रकाश भरकटतो तरी कशाने? आरसा कितीही गुळगुळीत घासला तरी त्यावर अणुपातळीचा खडबडीतपणा उरतो, आणि उपकरण बांधताना बसलेली धूळही असते. दोन्हींवरून प्रकाश विखुरतो. भिंगं, फिल्टर आणि डिटेक्टर यांच्या पृष्ठभागांमध्ये किरण पुन्हा पुन्हा परावर्तित झाले, तर मूळ प्रतिमेपासून दूर एक फिकट दुसरी प्रतिमा उमटते. तिला 'घोस्ट' म्हणतात. छिद्रांच्या कडांवर प्रकाशाचं विवर्तन होतं. उपकरणाच्या आतल्या भिंती काळ्या रंगवतात, आडवे पडदे बसवतात, तरी थोडा प्रकाश भिंतीवरून उसळी घेऊन आत शिरतोच. कधी दोष प्रकाशाचा नसून विजेचा असतो: एका डिटेक्टरचा संकेत शेजारच्या तारेत झिरपतो, किंवा तेजस्वी ढगावरून अचानक काळ्या समुद्रावर आल्यावर इलेक्ट्रॉनिक्सला सावरायला वेळ लागतो. समुद्राचा रंग मोजण्यासाठी खास बनवलेलं पहिलं उपकरण, सीझेडसीएस, १९७८ साली निंबस-७ या उपग्रहावरून गेलं आणि १९८६ पर्यंत चाललं. त्याला हा शेवटचा आजार होता. त्यामुळे त्याच्या चित्रांत ढगाच्या एकाच बाजूला, म्हणजे आरसा ज्या दिशेने फिरत पुढे जायचा त्या बाजूला, समुद्र बिघडलेला दिसायचा. अशी एकतर्फी खूण दिसली की जाणकार आधी इलेक्ट्रॉनिक्सवर संशय घेतात.

यावरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे ढगाच्या आसपासचे पिक्सेल टाकून देणं. प्रक्रियेत त्यांच्यावर एक खूण, म्हणजे 'मास्क', लावली जाते आणि जागतिक नकाशा बनवताना ते वगळले जातात. २००२ पासून फिरणाऱ्या अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस सेन्सरसाठी टाकून द्यायची चौकट ढगाच्या प्रत्येक पिक्सेलभोवती सात गुणिले पाच पिक्सेलची ठरवलेली आहे. मोडिसचा पिक्सेल साधारण एक किलोमीटरचा. म्हणजे एकट्या, एका पिक्सेलएवढ्या ढगापायी ३५ पिक्सेल जातात, त्यातले ३४ निव्वळ शेजारी असल्यामुळे. मोठा सलग ढग असेल तर फक्त त्याची कड जाते, फारसं बिघडत नाही. पण समुद्रावर जागोजागी कापसाच्या बोंडांसारखे छोटे ढग असतात, तेव्हा चौकटी एकमेकींत मिसळतात आणि मधला चांगला समुद्रही पुसला जातो. पृथ्वीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कुठल्याही क्षणी ढगाखाली असतो. समुद्रावर हे प्रमाण त्याहूनही जास्त आहे. जे थोडं निरभ्र उरतं त्यातलाही मोठा हिस्सा असा गमवायचा, हे मला फार महागात पडणारं वाटतं. विषुववृत्ताजवळचे समुद्र, अरुंद खाड्या, बेटांमधल्या सामुद्रधुनी या जागा आधीच कमी वेळा दिसतात, आणि मास्कची कुऱ्हाड त्यांच्यावरच सर्वांत जोरात पडते.

म्हणून दुरुस्ती. भरकटलेला प्रकाश हा यादृच्छिक गोंगाट नसतो, आणि ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. एका पिक्सेलमधून किती प्रकाश कुठल्या शेजाऱ्याकडे जातो याचं प्रमाण त्या उपकरणापुरतं ठरलेलं असतं. ते प्रमाण माहीत असेल, आणि गळती जिथून झाली तो ढगही त्याच चित्रात आपल्यासमोर असेल, तर कुणाचं किती कुठे गेलं याचा हिशेब उलट मांडता येतो. प्रकाशाच्या एका ठिपक्याचा सेन्सरवर कसा पसारा होतो, याच्या तक्त्याला 'पॉइंट स्प्रेड फंक्शन' म्हणतात. आपण त्याला गळतीचा तक्ता म्हणू.

एक छोटं गणित करून पाहू; कागद घेतलात तर जास्त मजा येईल. पिक्सेलची एकच रांग आहे. डावीकडे सगळा ढग, प्रत्येकी १००. उजवीकडे सगळा समुद्र, प्रत्येकी २. उपकरण असं की प्रत्येक पिक्सेल आपल्या प्रकाशाचा एक टक्का डाव्या शेजाऱ्याला देतो, एक टक्का उजव्याला, आणि ९८ टक्के स्वतःकडे ठेवतो. मग ढगाला लागून असलेल्या पहिल्या समुद्र-पिक्सेलमध्ये काय मोजलं जाईल? स्वतःचे १.९६, ढगाकडून आलेलं १, उजवीकडच्या समुद्राकडून ०.०२. एकूण २.९८. खरं उत्तर २, मोजलेलं २.९८. ढगाचा कडेचा पिक्सेल मात्र थोडा गरीब झाला: १०० ऐवजी ९९.०२.

आपल्या हातात खरे आकडे नाहीत, मोजलेलेच आहेत. तरीही घटकाभर मोजलेलं चित्रच खरं माना आणि त्यावर गळतीचा तक्ता चालवा. समुद्राच्या त्या पिक्सेलला ढगाकडून ९९.०२ चा एक टक्का म्हणजे ०.९९०२ मिळाले, उजवीकडून ०.०२ मिळाले, आणि त्याने स्वतःचे दोन टक्के म्हणजे ०.०५९६ गमावले. निव्वळ कमाई ०.९५०६. ती २.९८ मधून वजा केली की उरतात सुमारे २.०३. चूक जवळपास ५० टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आली. आता या सुधारलेल्या चित्रावर तक्ता पुन्हा चालवा आणि नव्याने निघालेली कमाई मूळ २.९८ मधून वजा करा. उत्तर येतं सुमारे २.००१. दोन फेऱ्यांत काम झालं. खऱ्या प्रक्रियेत तक्ता दोन दिशांचा असतो, शेजारी शेकड्यांनी असतात, पण गाभा हाच. धूसर फोटो तीक्ष्ण करण्याच्या खटाटोपात चित्रातला गोंगाटही फुगतो, ही भीती इथे फारशी नाही, कारण प्रकाशाचा बहुतांश भाग आपल्या जागीच असतो आणि वजाबाकी बारीक असते.

सगळं सामर्थ्य गळतीच्या तक्त्यात आहे, आणि तो मिळवणं जिकिरीचं आहे. प्रयोगशाळेत उपकरणासमोर बारीक फटीतून येणारा प्रकाश धरतात आणि फटीपासून दूरच्या पिक्सेलमध्ये किती उजेड पोचतो ते मोजतात. पण दूरवरची गळती मूळ उजेडाच्या लाखातल्या काही भागांइतकी क्षीण असू शकते. ती दिसावी म्हणून दिवा वाढवला तर मधला भाग डिटेक्टरच्या आवाक्याबाहेर जातो. मधला भाग नीट मोजावा तर दूरची शेपटी गोंगाटात बुडते. मग दोन-तीन वेगवेगळ्या तेजस्वितेची मोजमापं घेऊन ती जोडावी लागतात. शेपटी क्षीण म्हणून सोडून देता येत नाही. मोठ्या ढगात हजारो पिक्सेल असतात, आणि प्रत्येकाचा नगण्य वाटा मिळून बेरीज नगण्य राहत नाही.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये गेलेल्या सीविफ्स या समुद्राचा रंग मोजणाऱ्या सेन्सरची कहाणी या बाबतीत फार शिकवणारी आहे. १९९३ मधल्या चाचण्यांत त्याची गळती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. तेव्हा आधी उपकरणातच बदल करून ती कमी केली गेली, आणि जी उरली तिच्यासाठी गणिती दुरुस्ती लिहिली गेली. हाच क्रम योग्य आहे. आधी पान्हा, मग गणित. त्या उपकरणाची आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्याच्या मोजपट्टीचे दोन भाग होते: अंधुक समुद्रासाठी बारीक खुणा, आणि त्यावर, ढगांसाठी, ठळक खुणा. त्यामुळे एकाच वेळी समुद्रही बारकाईने मोजला जायचा आणि ढगावर सेन्सर दिपूनही जायचा नाही. गळती दुरुस्त करायला ढग किती उजळ होता हे ठाऊक असावं लागतं, आणि ती माहिती यातून मिळत असे. मोडिसचे समुद्रासाठीचे पट्टे मात्र तेजस्वी ढगावर सरळ दिपतात. 'कमाल मर्यादा ओलांडली' एवढंच सांगून थांबतात. देणेकऱ्याने किती दिलं तेच माहीत नसेल तर वसुली कशी करणार? अशा वेळी त्याच उपग्रहावरच्या, जमीन आणि ढगांसाठी बनवलेल्या, न दिपणाऱ्या पट्ट्यांवरून ढगाची चमक अंदाजावी लागते.

सीविफ्सलाही एक अडचण होतीच. त्याची पूर्ण तपशिलाची चित्रं १.१ किलोमीटरची असत, पण जगभरासाठी साठवली जाणारी चित्रं दर चौथा पिक्सेल आणि दर चौथी ओळ एवढीच. मधले शेजारी नोंदलेच गेले नाहीत, मग त्यांच्याकडून आलेली गळती मोजायची कशावरून? चित्राच्या कडेलाही हीच अडचण येते: चौकटीच्या लगेच बाहेर उभा असलेला ढग आत प्रकाश सांडतो, आणि आपल्याला तो दिसत नाही. कोरियाचा गोकी सेन्सर २०१० मध्ये भूस्थिर कक्षेत गेला. तो एकच प्रदेश १६ तुकड्यांत टिपून ते जोडत असे, आणि भरकटलेल्या प्रकाशामुळे जोडाच्या जागी दोन तुकड्यांची चमक जुळत नसे. एकाच पाण्यावर सरळ रेषेत उभी फट दिसली की ती निसर्गाची नसणार, हे उघडच आहे.

वर्णपट पसरवून एकाच वेळी अनेक रंग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांत दुसरी एक वाट फुटते. २००२ ते २०१२ या काळातला युरोपचा मेरिस आणि त्याचा वारसदार ओल्सी हे असे कॅमेरे. त्यांच्या डिटेक्टरवर एक दिशा जागेची आणि दुसरी रंगाची. त्यामुळे प्रकाश शेजारच्या जागेतच नव्हे, शेजारच्या रंगातही भरकटतो, आणि त्यांच्या प्रक्रियेत या दोन्हींची दुरुस्ती अगदी सुरुवातीलाच केली जाते. रंगातली गळती फसवी असते. हवाईच्या लानाई बेटाजवळ १९९७ पासून मोबी नावाचा एक बोया तरंगतो आहे; उपग्रहांची मोजमापं ज्याच्याशी ताडून पाहिली जातात तो हा बोया. खुद्द त्याच्या वर्णपटमापकातही लाल प्रकाश निळ्या भागात झिरपत होता. प्रयोगशाळेतला दिवा लालसर, समुद्र निळा. दिव्यासमोर केलेलं अंकन (कॅलिब्रेशन) त्यामुळे निळ्या टोकाला काही टक्क्यांनी चुकत होतं. शेवटी रंग बदलता येणाऱ्या लेझरने एकेक तरंगलांबी आत सोडून तिचा पसारा मोजला गेला, आणि जुन्या नोंदीही त्याप्रमाणे सुधारल्या गेल्या.

एका गोष्टीत मात्र गल्लत करू नये. ढगाचा किंवा किनाऱ्याचा प्रकाश हवेतच विखुरून समुद्राच्या दिशेने वळतो आणि मग दुर्बिणीत शिरतो, असंही होतं. नकाशावर दोन्ही चुका सारख्याच दिसतात. उपकरणाची गळती मात्र धुरकट दिवशी आणि स्वच्छ दिवशी तेवढीच असते. हवेतला परिणाम धूलिकणांबरोबर वाढतो आणि अनेक किलोमीटर पसरतो. एकीचं औषध दुसरीला दिलं तर कड पुसली जाण्याऐवजी उलटी उमटते, उजळ वलयाच्या जागी काळं वलय.

कक्षेत गेल्यावर तक्ता तपासायला चंद्रासारखी जागा नाही. काळ्या अवकाशात लख्ख चकती. तिच्याभोवती जे काही उजळ दिसेल ते सगळं भरकटलेलं, यात शंकेला वावच नाही. सीविफ्सचा उपग्रह दर महिन्याला वळवून चंद्राकडे रोखला जाई. मुख्य हेतू सेन्सर किती मंदावला हे पाहण्याचा होता, पण त्याच प्रकारच्या चित्रांतून घोस्ट आणि गळतीही उघड्या पडतात.

आणि समुद्रावरची कसोटी अगदी साधी आहे. हजारो चित्रांतले पिक्सेल घ्यायचे, प्रत्येकाचं जवळच्या ढगापासूनचं अंतर मोजायचं, आणि अंतरानुसार हरितद्रव्याची सरासरी काढायची. प्लवकाला वर ढग कुठे आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्यामुळे आलेख सपाट यायला हवा. दुरुस्तीआधी तो ढगाजवळ वाकतो. दुरुस्तीनंतर तो ढगाच्या अधिक जवळपर्यंत सपाट राहतो, आणि कुठेतरी तरीही वाकतोच. तो जिथे वाकायला लागतो तिथपर्यंतच मास्क लावायचा, त्यापलीकडचे पिक्सेल परत घ्यायचे.